दोन वार

पहाटे पाचला कळमन्यात
आंबिया बहाराचे ढीग मांडलेले,
मी पेटीवर उभा.
एक वार, म्हणालो. दोन वार.
तिसऱ्याला कानापुढचं हाड कट्‌कन वाजलं
आणि तोंड तिथंच थांबलं,
न धड उघडं, न धड मिटलेलं.
खरेदीदार हसले,
"हेमराजभाऊ, भाव वाढवून राहिले का?"
तिसरा वार मी मानेनंच केला.

आठ दिवस वरणभात, तोही कालवून पातळ.
तर्री-पोहे नुसते बघायचे.
शकुन म्हणाली, खर्रा नडला.
डॉक्टर चौरागड्यांनीही आधी तेच विचारलं,
बॅटरी मारून गाल आतून पाहिले.
सोडून सहा वर्षं झाली, मी बोटांवर सांगितलं.
"मग हे स्नायूंचं आहे. हाड शाबूत आहे,"
आणि एक गोळी लिहिली,
रात्रीची, स्नायू सैल करणारी.

ती गोळी भलती दयाळू निघाली.
जबडा सैल, खांदे सैल,
पहाटे आकडेसुद्धा सैल.
नऊशेवर गेलेली बोली मी सहाशेला तोडली.
गुणवंत, माझा धाकटा,
गल्ल्यावरून नुसता बघत होता.

मग धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, पल्लवी रंगारी.
माझ्या पोरीएवढी.
कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेला कुलर,
भिंतीवर कवटीचा तक्ता.
"भाऊ, तोंड उघडा. तुमचीच बोटं घाला, उभी."
एक गेलं.
दोन गेली.
तिसरं दातांवर अडलं.
मला हसू आलं, तेही अर्धंच.

तिनं हातमोजा चढवला.
अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर,
आणि दाबलं.
सुपारीएवढी गाठ.
सहा वर्षांपूर्वी सोडलेली
बहुतेक तिथंच ठेवून विसरलो होतो.
"काय चावून राहिले तुम्ही रात्रभर?"

अंगठा तोंडात असताना काय सांगणार?
की दिवाळीत दुकानाची पाटी नवीन झाली,
निळ्यावर पांढरी अक्षरं,
पेंटर चांगला होता, वेलांट्या सुरेख.
'बावणे बंधू'चं 'गुणवंत बावणे' झालं.
की त्याच पाटीखाली उभा राहून
मी रोज परक्या मालाला भाव पुकारतो,
सकाळभर हजार आकडे, घसा फाटेस्तोवर,
आणि त्या एका शब्दाबद्दल
अजून ब्र काढलेला नाही.
डोळ्यांत पाणी आलं.
"जोरात दाबलं का?"
मी मान हलवली.
होय म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच विचारा.

घरचा अभ्यास दिलाय.
गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, दहा मिनिटं.
आरशासमोर उघडमीट;
हनुवटी डावीकडे पळते, तिला वळवून
नाकाच्या रेषेत आणायची.
जीभ टाळूला. ओठ मिटलेले. दात सुटे.
"जेवण सोडलं तर
दात एकमेकांना लागायलाच नकोत, भाऊ."
बावन्न वर्षं मला वाटत होतं
की दातांची जागा दातांवरच.

शकुननं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशेबाशेजारी: दात सुटे.
रात्री माझी चक्की सुरू झाली
की ती कोपरानं ढोसते.
कधी जरा जास्तच जोरात.
तिचंही काही साचलं असेल.

तिसरा आठवडा चालू आहे.
दुखतं, पण विचारून दुखतं.
काल संत्र्याची अख्खी फोड सरळ आत गेली,
तिसरं बोट आता नखापर्यंत जातं.

आज लिलाव आटोपल्यावर
गुणवंत चहा घेऊन ढिगापाशी आला.
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतः.
"दादा, अजून दुखून राहिलं का?"
मी कप घेतला, खाली ठेवला.
ओठ मिटलेले. दात सुटे.
म्हणालो, बस इथं, पेटीवर.
तोंड उघडायला मला
जरा वेळ लागतो.